दारात माणूस नसलेली लायब्ररी

ऑनलाइन लायब्ररी म्हटले की आमच्या मुलांच्या पोटात गोळा येतो, असे प्राध्यापक मंडळी सांगतात आणि त्याच श्वासात निदानही करून टाकतात. मुलांना वाचनाची सवय नाही. आत्मविश्वास कमी आहे. उर्दू माध्यमातून आलेली आहेत, इंग्रजीला घाबरतात. मग उपाय म्हणून व्यक्तिमत्त्व विकासाची एक कार्यशाळा होते, वक्ता टाळ्या वाजवायला लावतो, समोसा-चहा होतो आणि मुले घरी जातात. लायब्ररीच्या लॉगिनचा कागद ज्या फाइलमध्ये होता तिथेच राहतो.

पोटात गोळा येतो ही गोष्ट खरी आहे. निदान मात्र साफ चुकीचे आहे.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. माझ्याकडून बारावी होऊन गेलेल्या मुली-मुले बीए, एमए, बीएडला गेल्यावर प्रोजेक्टच्या दिवसांत पुन्हा दार ठोठावतात, म्हणून हे सगळे मला जवळून दिसते. यातलीच मुलगी महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरते. तो अर्ज ज्याने एकदा तरी भरला आहे त्याला धीर म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. अर्ज परत येतो, ती उत्पन्नाचा दाखला पुन्हा चढवते, सर्व्हर बंद पडतो, ती रात्री बारानंतर उठून पुन्हा बसते. भावाचे रेल्वेचे तिकीट तीच काढते. अब्बांच्या दुकानातला क्यूआर कोडही तिनेच लावून दिलेला असतो. आणि रेख्ताच्या साइटवर तर या मुली तासन् तास असतात. तिथे गझल उर्दूत वाचा, देवनागरीत वाचा नाहीतर रोमनमध्ये. शब्द अडला तर त्यावर बोट ठेवा, अर्थ समोर येतो. म्हणजे ही मुलगी स्क्रीनला भीत नाही, इंटरनेटला भीत नाही आणि पुस्तकालाही भीत नाही. मग नॅशनल डिजिटल लायब्ररी किंवा शोधगंगा उघडली की तिचा हात का थबकतो? हा प्रश्न कार्यशाळेत कुणी विचारत नाही, कारण त्याचे उत्तर मुलीत सापडत नाही. ते त्या पानावर सापडते.

एक खरेखुरे उदाहरण घेऊ. एमए मराठीच्या विद्यार्थिनीने श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद हा विषय निवडला. योगसंग्रामाचे कर्ते, मराठी संतपरंपरेतले मोठे नाव. मुसलमान मराठी संतकवींवर रा. चिं. ढेरे यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले आहे, म्हणजे विषय काही अंधारातला नाही. आता हे नाव शोधपेटीत टाका. शेख रोमन लिपीत लिहिताना कुणी ए-आय लिहितो, कुणी ई-आय, कुणी नुसता ई. महंमदमध्ये पहिले अक्षर झाले की पुढे ओ, यू किंवा ए. मधला एम एक की दोन. शेवट ए-डीने की ई-डीने. गुणाकार केला तर एकाच माणसाच्या नावाच्या छत्तीस जोड्या होतात. देवनागरीत यावे तर महंमद, महम्मद, महमद, मोहम्मद, मुहम्मद. ज्याने प्रबंधाची नोंद केली त्याने यातले एक काहीतरी लिहिले आहे. ते कोणते, हे तिला कसे कळणार? ती आपल्या वहीतल्याप्रमाणे टाइप करते आणि उत्तर येते शून्य.

शून्य म्हणजे काय, हे यंत्र सांगत नाही. पुस्तकच नाही, की तू नाव वेगळे लिहिलेस, की तुझ्या कॉलेजला परवानगी नाही, की शोधपेटीशेजारच्या यादीत तू लेखकाऐवजी विषय निवडलास? कपाटापाशी उभ्या असलेल्या माणसाने 'नाही' म्हटले तर त्याच्या चेहऱ्यावरून तरी कळते की तो शोधून सांगतो आहे की टाळतो आहे. इथे ती एकटीच असते. आपल्यालाच येत नाही, असा एकच अर्थ तिला सुचतो.

उर्दूची अवस्था आणखी वाईट आहे आणि तिची माहिती आमच्या बहुतेक उर्दू शिक्षकांनाही नाही. अरबी कीबोर्डवरची ये आणि उर्दू कीबोर्डवरची ये डोळ्याला शब्दाच्या मध्ये अगदी सारख्या दिसतात. काफचेही तेच. पण संगणकाच्या हिशेबात ही वेगवेगळी अक्षरे आहेत, त्यांचे क्रमांक वेगळे आहेत. शोधयंत्र बनवणाऱ्याने दोन्ही एकच धरा अशी तजवीज केली असेल तर ठीक. केली नसेल तर एका फोनवर सापडणारे पुस्तक दुसऱ्या फोनवर सापडत नाही, आणि दोन्ही मुलींनी नाव अगदी बरोबर लिहिलेले असते. मराठीत युनिकोडच्या आधीचे प्रबंध श्रीलिपी, कृतिदेव अशा फाँटमध्ये टाइप झाले. पडद्यावर स्वच्छ मराठी दिसते, पण आतून ती रोमन अक्षरांची खिचडी असते. त्या फाइलमध्ये 'संत' शोधले तर संत सापडत नाहीत. कॉपी करून वहीत घ्यायला जावे तर चिन्हांचा पाऊस पडतो. इनपेजमध्ये केलेल्या जुन्या उर्दू मजकुराचा छळ ज्यांनी सोसला आहे त्यांना यावर काही सांगायला नको.

शिवाय शोधगंगेवर प्रबंध एकसंध नसतो, तुकड्यांत असतो. पहिल्या फाइलमध्ये मुखपृष्ठ, दुसरीत प्रमाणपत्र, पुढे प्रतिज्ञापत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका, मग कुठे पहिले प्रकरण. ज्याला माहीत आहे तो थेट प्रकरणावर जातो. ज्याला माहीत नाही ती वडिलांच्या डेटा पॅकवर आधी प्रमाणपत्र उतरवते, मग ऋणनिर्देश. तिला वाटते, लायब्ररी म्हणजे एवढेच.

आता ज्यांना हा उर्दू माध्यमाचा किंवा मुसलमान मुलांचा खास रोग वाटतो त्यांच्यासाठी. अमेरिकेत कॉन्स्टन्स मेलन नावाच्या ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासकाने १९८६ साली 'कॉलेज अँड रिसर्च लायब्ररीज' या नियतकालिकात एक लेख लिहिला. दोन वर्षांत सुमारे सहा हजार विद्यार्थ्यांनी लायब्ररीत पहिल्यांदा काम करतानाच्या आपल्या भावना लिहून काढल्या होत्या. त्यातल्या ७५ ते ८५ टक्के विद्यार्थ्यांनी भीतीची भाषा वापरली होती. ही मुले अमेरिकन, लायब्ररीतली भाषा त्यांची रोजची, इमारत त्यांच्याच विद्यापीठाची, समोर कपाटे आणि चालतेबोलते ग्रंथपाल. तरी भीती. मेलनने त्याला लायब्ररीची धास्ती असे रीतसर नाव दिले आणि तिची गाठ दाखवून दिली. प्रत्येकाला वाटते की बाकी सगळ्यांना हे येते, मला एकट्यालाच येत नाही. हे न येणे लाजिरवाणे आहे, म्हणून ते झाकले पाहिजे. आणि कुणाला विचारले तर ते उघडे पडेल.

माझ्या ओसरीवर बसलेली मुलगी तिच्या शब्दांत हेच सांगते. "सर, सब लोगां को आताय, मेरेकुच नै आता." सब लोगां को येत नाही, हे तिला कुणी सांगितलेलेच नसते. मला तर शंका आहे की तिच्या मार्गदर्शकालाही येत नाही आणि म्हणूनच तो इतक्या जोरात 'ऑनलाइन बघा' म्हणतो.

पुढे १९९२ मध्ये शॅरन बॉस्टिक यांनी ही धास्ती मोजण्याची प्रश्नावली तयार केली. तिच्या पाच भागांतला एक भाग लायब्ररीतल्या कर्मचाऱ्यांमुळे वाटणाऱ्या अडथळ्यांचा आहे: ते कामात दिसतात, त्यांना विचारावे की नाही, ते खेकसतील का. आमच्याकडे हा अडथळा अजब रीतीने दूर झाला. कर्मचारीच राहिला नाही. कितीतरी कॉलेजांत ग्रंथपालाचे पद रिकामे ठेवून प्रभार एखाद्या प्राध्यापकाकडे दिलेला असतो आणि तो बिचारा नॅकची फाइल भरण्यात बुडालेला असतो. त्या फाइलमध्ये 'ई-संसाधने उपलब्ध आहेत' असे एक वाक्य असते. ते खोटे नसते. युजर आयडी खरोखरच उपलब्ध असतो, फक्त विद्यार्थ्याला नसतो.

पैशाची भीती ही वेगळीच गोष्ट आहे आणि शहरी मध्यमवर्गाला ती हास्यास्पद वाटेल. लेखाच्या नावावर टिचकी मारली की पुढचे पान तीस-चाळीस डॉलर मागते. आपण 'विकत घ्या' दाबले नाही तर काहीही होत नाही, हे तुम्हा-आम्हाला ठाऊक. तिला नाही. "सर, बटन दबा गया तो पैसे कटेंगे क्या?" तिच्या फोनमधले सिम वडिलांच्या नावावर, त्यालाच बँक जोडलेली. आपणच तिला वर्षभर शिकवले की अनोळखी लिंक उघडू नकोस, ईमेल देऊ नकोस, ओटीपी कुणाला सांगू नकोस. लायब्ररी पहिल्याच पानावर नेमके हेच तिन्ही मागते. घरात फोन एक, तो दिवसा भावाकडे, ओटीपी त्याच्याकडे जाणार, तो विचारणार की हे कसले आले. अशा वेळी ती पान बंद करते. तिने केले ते शहाणपणाचे आहे. शाळेत सायबर सुरक्षेचा तास आम्ही घेतो, त्याचा हा चांगला निकाल आहे.

आणि पान बंद केल्यावर ती जाते कुठे? टेलिग्रामवर, जिथे कुणीतरी अर्धवट स्कॅन केलेली पीडीएफ टाकलेली असते. किंवा चॅटबॉटकडे. चॅटबॉट शून्य म्हणत नाही. तो तिच्याशी गोड बोलतो, नाव कसेही लिहिले तरी समजून घेतो, रात्री दोनला विचारले तरी खेकसत नाही. आणि विषयावरची चार पुस्तके सांगतो, त्यातली दोन अस्तित्वातच नसतात. ती पुस्तके संदर्भसूचीत जातात. मौखिक परीक्षेत बाहेरचा परीक्षक विचारतो, हे पुस्तक कुठे पाहिले? त्यानंतर त्या मुलीच्या डोक्यात संशोधन या शब्दाचे काय होते ते मी पाहिले आहे. एक मुलगी नेट-सेटची तयारी सोडून घरी बसली. घरच्यांनी सोयरिकी बघायला सुरुवात केली. लायब्ररीच्या पानाचा आणि सोयरिकीचा संबंध काय, असे कुणी विचारेल. संबंध आहे. आमच्या घरांत मुलीच्या शिक्षणाला रोज नवी मंजुरी लागते, आणि 'तुझ्याने होत नाही' हे वाक्य एकदा बाहेरून आले की घरातले लोक ते झेलायला तयारच असतात.

सरकारचे म्हणणे असे की आम्ही दारे उघडली. उघडली, कबूल. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये, ३० मोठे प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, ६३०० हून अधिक संस्था. पण मंजुरी होती ती केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी. महाराष्ट्रातले तालुक्याचे कॉलेज बहुधा कुठल्या ना कुठल्या शिक्षण संस्थेचे असते, आणि आमची मुले तिथेच आहेत. ते बाजूला ठेवू. ज्यांना मिळाले त्यांच्याविषयी बोलू. सहा हजार कोटींत नियतकालिके आली. ती उघडून दाखवणारा माणूस कॉलेजात कुणी नेमायचा आणि त्याचा पगार कुणी द्यायचा? आंतरराष्ट्रीय प्रकाशकाला आपण पैसे वेळेवर देतो. ग्रंथपालाची भरती निघायला मात्र उपोषणे करावी लागतात.

रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे लिहिली. आमच्या देशातले ग्रंथालयाचे अभ्यासक्रम ती पाठ करून घेतात. त्यांत वाचकाचा वेळ वाचवण्याला एक पूर्ण सूत्र दिले आहे. ज्याने ऋणनिर्देशाच्या फाइली उतरवण्यात पॅक संपवला त्या वाचकासमोर हे सूत्र वाचून दाखवायची माझी हिंमत नाही.

सरकारवर टीका करणे सोपे असते, त्याला टाळ्याही मिळतात. आपल्या घराकडे येऊ. दरवर्षी दहावी-बारावीचे निकाल लागले की जमातीचे सत्कार समारंभ होतात. शाल, ट्रॉफी, आणि हल्ली टॅबलेट. प्रत्येक वक्ता 'इक्रा'पासून सुरुवात करतो. वाचा, असा पहिला हुकूम आहे, हे ऐकून मुलांना आता पाठ झाले. वाचायचे कुठे आणि कसे, हे सांगणारा वक्ता मी अजून ऐकलेला नाही. वाटलेल्या टॅबलेटवर लायब्ररीचा लॉगिन चालू करून देणारा दाताही पाहिलेला नाही. शहरोशहरी समाजाच्या पैशाने 'लायब्ररी' उभ्या राहतात. आत जाऊन पाहा. खुर्च्या, पंखे, चार्जिंगचे पॉइंट आणि स्वतःची पुस्तके घेऊन आलेली स्पर्धापरीक्षेची मुले. ती अभ्यासिका आहे. चांगली गोष्ट आहे, गरजेची आहे, पण लायब्ररी नाही. तिथे रखवालदार असतो, ग्रंथपाल नसतो.

जुन्या कुतुबखान्यांच्या आठवणी काढून उसासे टाकणारेही आपल्यात पुष्कळ. कसब्यातला कुतुबखाना, चष्मा लावलेले चाचा, त्यांना प्रत्येक किताबीची जागा पाठ. खरे आहे, आणि चाचांसारखा माणूस आज हवा आहे. पण त्या कुतुबखान्यात मुलगी कधी गेली होती का? संध्याकाळी मशिदीच्या बाजूच्या त्या खोलीत पुरुष बसत, वर्तमानपत्रे वाचत, राजकारणावर भांडत. ज्या घरातून मुलीला जिल्ह्याच्या ग्रंथालयात एकटी पाठवत नाहीत त्या घरात फोनवर अख्खी लायब्ररी पोचू शकते, ही आमच्या समाजाच्या इतिहासात साधी घटना नाही. म्हणून तर चीड येते. इतक्या वर्षांनी पुस्तक तिच्या उंबऱ्यापर्यंत आले आणि शेवटच्या दोन पावलांसाठी कुणी सोबतीला नाही, म्हणून ती परत फिरते.

'मग इंग्रजी शिका ना,' हे उत्तर तयार असते. शिकलेच पाहिजे, मी स्वतः मुलांना त्यासाठी रागावतो. पण शेख महंमदांच्या छत्तीस स्पेलिंगांचा इंग्रजी येण्याशी काहीही संबंध नाही. लंडनहून शिकून आलेल्यालाही तिथे शून्यच दिसेल. फरक एवढाच की तो शून्याला शिव्या देईल, आमची मुलगी स्वतःला देते. बीडच्या पाटलाची किंवा गडचिरोलीच्या माडिया घरातली मुलगीही स्वतःलाच देते, म्हणून हा लेख मी फक्त मुसलमान वाचकांसाठी लिहिलेला नाही. आणि नुसती बटणे मराठीत करून हे सुटणार नाही. 'शोधा' असे मराठीत लिहिलेले बटण दाबल्यावर मराठीत 'काहीही आढळले नाही' येते, इतकेच.

मला हवे आहे ते फार महाग नाही. पहिल्या सत्राच्या पहिल्या महिन्यात वेळापत्रकात दोन तास, लायब्ररीच्या नावाने, मुलांच्या भाषेत, त्यांच्याच फोनवर. त्या तासात शिक्षकाने आधी स्वतः शोधून दाखवावे आणि त्याला शून्य येताना वर्गाने बघावे. नाव बदलून पुन्हा शोधताना बघावे. मेलन यांचाही अनुभव असाच होता की ही भीती सगळ्यांना वाटते, हे समोरच्या माणसाने मोकळेपणाने सांगितले आणि मदतीला माणूस भेटला की ती उतरू लागते. दुसरे, प्रत्येक मराठी आणि उर्दू विभागाने आपल्या विषयातल्या नावांची एक वही ठेवावी: हे नाव कुठे कसे लिहिलेले सापडले. दरवर्षीचे विद्यार्थी त्यात भर घालतील. चार वर्षांत ती वही कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा उपयोगी होईल. तिसरे, एका माणसाचे नाव आणि नंबर, जो अडल्यावर फोन उचलेल. मुलींसाठी शक्यतो बाई असावी. आणि विद्यापीठांनी प्रबंध चढवताना लेखकाचे व विषयाचे नाव मूळ लिपीतही लिहायची सक्ती करावी. यातल्या एकाही गोष्टीला कोटी लागत नाहीत.

जून-जुलैत प्रवेश सुरू होतात. फीच्या पावतीवर लायब्ररीच्या नावाने रक्कम छापलेली असते, ती आई-बापांनी बोटाने दाखवावी. खिडकीवरच्या माणसाला विचारावे की लायब्ररीचा लॉगिन कोणत्या तारखेला मिळेल आणि तो वापरायला माझ्या मुलीला कोण शिकवणार. 'सगळे वेबसाइटवर आहे' असे उत्तर आले, तर मागे रांग कितीही लांब असू द्या, तिथून हलू नये.